त्रुहियोत पाच दिवस: जुन्या शहरातली स्वस्त खोली आणि मातीची नगरं

पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरच्या त्रुहियोला जाताना आधी एकच गोष्ट ठरवायची असते: मुक्काम जुन्या शहरात करायचा की वांचाकोला? पाठीवर पिशवी टाकून फिरणारे पुष्कळ जण बारा-तेरा किलोमीटरवरच्या वांचाको या समुद्रकाठच्या गावात उतरतात. लाटांवर फळी घेऊन खेळायचं असेल तर ते ठीक आहे. पण अवशेष आणि जुने वाडे पाहायला येणाऱ्यांनी खोली जुन्या शहरातच, आवेनिदा एस्पान्या या रस्त्याच्या कड्याच्या आत घ्यावी, असं आमचं ठाम मत आहे. चारी दिशांच्या गाड्या इथूनच मिळतात, वाडे सकाळी उघडतात तेव्हा आपण तिथेच असतो आणि रात्री जेवायला टॅक्सी लागत नाही. हा रस्ता साधारण अंडाकृती आहे. समुद्री चाच्यांच्या भीतीने १६८०च्या दशकात शहराभोवती तट बांधायला घेतला होता. तट पुढे पाडला गेला आणि त्याच्याच रेषेवरून हा रस्ता गेला. आत कुठूनही कुठे चालत पोचायला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात.

वेळेचंही भान हवं. जानेवारीच्या उत्तरार्धात मारिनेरा नृत्याची राष्ट्रीय स्पर्धा असते आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला वसंतोत्सव. त्या दिवसांत स्वस्त खोल्या आधी भरतात आणि उरलेल्यांचे दर चढतात. जून ते ऑक्टोबर आकाश बहुधा करडं असतं, हवा गार आणि दमट असते, पण पाऊस जवळजवळ नाही. अल नीन्योच्या वर्षी मात्र चित्र पालटतं. मार्च २०१७ मध्ये डोंगराकडच्या कोरड्या ओढ्यांतून चिखलाचे लोंढे थेट जुन्या शहराच्या रस्त्यांवर आले होते. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी बातम्या बघाव्यात.

भारतीय पारपत्रावर पेरूचा व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने मुदत उरलेला व्हिसा किंवा तिथला कायम रहिवासाचा परवाना असेल, तर पर्यटनासाठी वेगळा व्हिसा न घेता प्रवेश मिळतो. पैशांचा हिशेब करताना एका सोलला, म्हणजे पेरूच्या चलनाला, पंचवीस रुपये धरले की सोपं जातं. खोट्या नोटांचा सुळसुळाट आहे, त्यामुळे दुकानदार प्रत्येक नोट उजेडात धरून बघतो. आपणही तसंच करावं, कुणाला त्याचं वाईट वाटत नाही. शंभराची नोट टॅक्सीवाला मोडून देत नाही. त्यामुळे पाच-दहाची नाणी-नोटा वेगळ्या खिशात हव्यात.

पहिला दिवस, सोमवार: पोचणं, खोली आणि शांबार

लिमाहून त्रुहियो सुमारे ५६० किलोमीटर, बसने आठ ते दहा तास. रात्री नऊ-दहाला निघणारी गाडी सकाळी सहा-सातला पोचते आणि एका रात्रीचं भाडं वाचतं. आसन जितकं मागे झुकतं तितकं तिकीट महाग. १६० अंश झुकणारं आसन झोपायला पुरेसं आहे. गाडीतली वातानुकूलन यंत्रणा रात्रभर जोरात चालते, म्हणून शाल हाताशी ठेवा, पोटातल्या डिकीत नको. तिकिटाला पारपत्राचा क्रमांक लागतो. शहरात सगळ्या कंपन्यांचा मिळून एक बसथांबा नाही, त्यामुळे परतीच्या वेळी गाडी कुठून सुटणार तो पत्ता तिकिटावर नीट वाचावा.

थांब्यावरून रस्त्यात फिरणारी टॅक्सी धरण्यापेक्षा आतल्या रांगेतली किंवा अॅपवरची घ्यावी. मीटर नसतो. दार उघडण्याआधी भाडं ठरवायचं. गेल्या काही वर्षांत खंडणीखोर टोळ्यांच्या उपद्रवामुळे त्रुहियोत आणीबाणी जाहीर करावी लागली आहे. त्यांचा रोख व्यापारी आणि वाहतूकदारांवर असतो, तरी तपासणीनाके लागतात. पारपत्राची छायाप्रत कायम खिशात असावी. फोन रस्त्याच्या कडेला उभं राहून हातात धरू नये, दुकानाच्या आत शिरून बघावा.

आता खोली. मध्यवर्ती भागातल्या साध्या ओस्तालमध्ये, म्हणजे लहान हॉटेलात, दोघांच्या खोलीला ५० ते ९० सोल पडतात. मोठ्या पलंगाची खोली म्हणजे ‘मात्रिमोनियाल’ आणि दोन सुटे पलंग हवे असतील तर ‘दोब्ले’. नोंदवताना हे स्पष्ट सांगितलं नाही तर दोन मित्रांच्या वाट्याला एकच पलंग येतो. देशात साठ दिवसांहून कमी राहणाऱ्या परदेशी पर्यटकाला हॉटेलच्या मुक्कामावर आयजीव्ही हा कर माफ असतो. त्याचा सर्वसाधारण दर १८ टक्के आहे. त्यासाठी पारपत्र आणि प्रवेशाची नोंद दाखवावी लागते आणि हॉटेल रीतसर पावती देणारं असावं लागतं. सांगितलेला दर करासह आहे की कराविना, हे पैसे देण्याआधीच विचारा.

जुन्या वाड्यांत चालणारी हॉटेलं इथे बरीच आहेत. तळमजल्याच्या भिंती कच्च्या विटांच्या, हातभर जाड असतात. वरचा मजला बऱ्याचदा किंचा पद्धतीचा, म्हणजे लाकडी चौकटीत बोरू-बांबू भरून वर मातीचा गिलावा केलेला, आपल्याकडच्या कुडाच्या भिंतींसारखा. भूकंपात जड माती कोसळते आणि हलका कूड डुलून तग धरतो, म्हणून किनाऱ्यावर ही रीत रुजली. खोली निवडताना हे लक्षात ठेवलं तर फायदा होतो. तळमजल्याची खोली शांत आणि गार असते, पण जाड मातीतून वायफाय पार होत नाही. इंटरनेट हवं असेल तर चौकात येऊन बसावं लागतं. वरच्या खोलीत वायफाय मिळतं, पण शेजाऱ्याचं घोरणंही ऐकू येतं. रस्त्याकडच्या खिडकीचा मोह टाळावा. त्रुहियोतले टॅक्सीवाले गिऱ्हाईक शोधताना सतत भोंगा वाजवतात आणि ते पहाटे सहाला सुरू होतं. दुसरं टोकही नको: नुसत्या वायुकूपाकडे झरोका असलेली खोली दमट राहते आणि धुतलेला शर्ट दोन दिवस वाळत नाही. मागच्या चौकाकडे उघडणारी, तळमजल्यावरची खोली सगळ्यांत उत्तम. भिंतीवर हिरव्या-पांढऱ्या पाटीवर मोठा ‘एस’ कुठे आहे तेही बघून ठेवा. भूकंपात उभं राहायची ती जागा.

सामान आत ठेवण्यापूर्वी न्हाणीघरात जाऊन गरम पाणी चालू करून बघायचं. ‘आगुआ काल्येंते’ आहे असं सगळेच सांगतात. टाकीचा गीझर असेल तर सकाळी सात-आठच्या गर्दीत तो रिकामा होतो, म्हणून आंघोळ आदल्या संध्याकाळी उरकावी. पण स्वस्त जागी बहुधा शॉवरच्या तोटीतच तार असते. ही तोटी तिथल्या तिथे पाणी तापवते आणि तिची ताकद ठरलेली असते, समजा ५ किलोवॅट. मिनिटाला ५ लिटर पाणी सोडलं तर ते जेमतेम १४ अंशांनी तापतं, तीनच लिटर सोडलं तर २४ अंशांनी. म्हणून पाणी कोमट येतंय असं वाटून नळ आणखी उघडला की ते आणखी गार होतं. क्रम असा: आधी नळ उघडा, धार सुरू झाली की भिंतीवरचा खटका वर करा, मग हवं तितकं ऊन होईपर्यंत नळ हळूहळू आवळा. शेवटी खटका आधी खाली आणि नळ नंतर बंद. ओल्या हाताने खटक्याला हात लावू नये. तोटीवरच्या तारांचे जोड उघडे दिसले, तर खोलीच बदलून मागावी.

वीज २२० व्होल्ट असते. बारीक गोल दोन पिनांचा चार्जर बहुतेक ठिकाणी थेट बसतो, आपला तीन पिनांचा बसत नाही. नळाचं पाणी प्यायचं नाही. सात लिटरचा मोठा कॅन किराणा दुकानातून आणून खोलीत ठेवणं लहान बाटल्यांपेक्षा बरंच स्वस्त पडतं. शौचालयात कागद भांड्यात नाही, शेजारच्या टोपलीत टाकायचा. जुन्या नळ्या अरुंद आहेत आणि तुंबल्या की सगळा मजला अडतो.

खोली दुपारी बारा-एकच्या आधी सहसा मिळत नाही. सामान दर्शनी भागात ठेवून बाहेर पडावं. सोमवार मुद्दाम निवडला, कारण सोमवारी त्रुहियोत शांबार असतं. गहू, बाकला, हरभरे, वाटाणे, घेवडा रात्रभर भिजवून, डुकराची कातडी आणि धुरावलेलं मांस घालून शिजवलेलं हे दाट सूप. वर कुरकुरीत भाजलेला मका. ते साध्या खानावळींतून दुपारी मिळतं आणि दोनच्या पुढे संपतं. शाकाहाऱ्यांना चालणारं नाही, मांस बाजूला काढलं तरी रस मांसाचाच.

शाकाहाऱ्यांनी इथे नेमकं बोलायला हवं. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, म्हटलं की कोंबडी घालून आणतात, कारण कोंबडीला कुणी कार्ने मानत नाही. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन हामोन’ असं मांस, कोंबडी, मासा आणि हॅम ही चारही नावं घेऊन सांगावं. चिफा म्हणजे पेरू-चिनी खानावळीत भाज्यांचा फ्राइड राइस हमखास मिळतो. पापा आ ला वांकाइना, म्हणजे चीज-मिरचीच्या पिवळ्या रसातले बटाटे, आणि एवोकाडो, मका, चीज यांवर दिवस निघतो. मांसाहाऱ्यांसाठी दुपारचा ‘मेनू’, सूप, मुख्य पदार्थ आणि पेय मिळून, १० ते १५ सोल.

दुसरा दिवस, मंगळवार: वाका दे ला लुना

शहराच्या आग्नेयेला, सेरो ब्लांको या उघड्या डोंगराच्या पायथ्याशी मोचे या इंकांच्याही आधीच्या लोकांची दोन मातीची देवळं (वाका) समोरासमोर आहेत: वाका दे ला लुना आणि वाका देल सोल. पाहायचं ते पहिलं. ओव्हालो ग्राउ या चौकातून ‘काम्पिन्या दे मोचे’ पाटीच्या लहान गाड्या तिथे जातात. अर्धा तास लागतो. सकाळी नऊलाच पोचावं. दुपारनंतर वारा सुटतो आणि वाळू डोळ्यांत, कॅमेऱ्यात, सगळीकडे शिरते.

आधी संग्रहालय, मग देऊळ. त्याचं तिकीट वेगळं आहे म्हणून लोक ते वगळतात, पण भांड्यांवरचे चेहरे आधी पाहिले की भिंतीवरची चित्रं ओळखू येतात. देवळाच्या तिकिटात वाटाड्या मिळतो, गट जमला की निघतात. स्पॅनिश गट लवकर जमतात, इंग्रजीसाठी थांबावं लागू शकतं.

मोचे लोक जुनं देऊळ पाडत नसत. काही पिढ्यांनी त्याची दालनं विटांनी ठासून भरत आणि वर-बाहेर नवं, मोठं देऊळ चढवत. त्यामुळे आतली चित्रं बंद राहिली आणि लाल, पिवळा, पांढरा, काळा हे खनिज रंग आजही टिकून आहेत. १९९१ पासून सांतियागो उसेदा आणि रिकार्दो मोरालेस यांच्या नेतृत्वाखाली त्रुहियोच्या राष्ट्रीय विद्यापीठाने इथे उत्खनन केलं. वाटाडा जिथे जिथे थांबतो तिथे विटांच्या उघड्या बाजूंकडे नीट बघा. काहींवर बोटाने केलेला ठिपका, कुठे रेघ, कुठे पावलाचा ठसा. विटा पुरवणाऱ्या निरनिराळ्या गटांच्या या खुणा असाव्यात, असं अभ्यासक मानतात. दीड हजार वर्षांपूर्वी ओल्या मातीत फिरलेलं बोट हातभर अंतरावर दिसतं. यासाठीच इथे घाई करू नये.

फेरी संपते ती उत्तरेच्या भव्य दर्शनी भिंतीपाशी. तळाच्या ओळीत गळ्यात दोर बांधलेले नग्न कैदी आणि त्यांना नेणारे योद्धे, त्याच्या वर हातात हात धरून उभी माणसांची रांग, आणखी वर आय आपाएक या देवाची उग्र रूपं. कैद्यांचं पुढे काय होई, ते मागच्या प्रांगणात सापडलेल्या सांगाड्यांवरून कळलं. त्यातले काही पावसाने झालेल्या चिखलात रुतलेले होते. वाळवंटात एवढा चिखल अल नीन्योच्याच पावसाने होतो. मातीच्या देवळांना पाऊस हा सगळ्यांत मोठा शत्रू, म्हणून त्या काळात बळी दिले गेले असावेत, असं मानलं जातं.

समोरचं वाका देल सोल आणखी मोठं आहे. सुमारे ३४० मीटर लांब, आजही ४० मीटरच्या आसपास उंच, आणि विटा अंदाजे १३ ते १४ कोटी. त्यावर चढू देत नाहीत. सोनं शोधण्यासाठी स्पॅनिशांनी १६०२ च्या सुमारास मोचे नदीच वळवून त्यावर सोडली आणि देवळाचा बराचसा भाग वाहून गेला. परतताना काम्पिन्यातल्या खानावळीत जेवून शहरात यावं.

तिसरा दिवस, बुधवार: चान चान आणि वांचाको

हा सगळ्यांत भरगच्च दिवस. सोमवारी चान चानला जाण्याचा बेत करू नये, साप्ताहिक सुटीची अडचण येते. आवेनिदा एस्पान्यावरून वांचाकोकडे जाणाऱ्या गाडीत बसायचं आणि चालकाला ‘क्रुसे चान चान’ म्हणून सांगून ठेवायचं. फाट्यापासून नीक आन या मुख्य भागापर्यंत सुमारे दीड-दोन किलोमीटरचा कच्चा, निर्मनुष्य रस्ता आहे. तो चालत जाऊ नका. तिथे प्रवाशांना लुटल्याचे प्रकार घडले आहेत. फाट्यावर टॅक्सी उभ्या असतात, त्यातली एक जाऊन-येऊन थांबायच्या बोलीवर घ्या. त्याच तिकिटावर रस्त्यालगतचं संग्रहालय आणि शहराच्या बाजूची वाका आर्को इरिस व वाका एस्मेराल्दा ही देवळंही पाहता येतात, म्हणून ते जपून ठेवा.

चान चान ही चिमू राज्याची राजधानी. नवव्या शतकाच्या आसपास वसली, १४७० च्या सुमारास इंकांनी जिंकली. पूर्ण विस्तार सुमारे २० चौरस किलोमीटर, मातीचं एवढं मोठं नगर अमेरिका खंडात दुसरं नाही. युनेस्कोने १९८६ मध्ये त्याला जागतिक वारसा ठरवलं आणि त्याच वर्षी धोक्यातल्या वारशांच्या यादीतही घातलं. उंच तटांनी वेढलेल्या राजवाड्यांपैकी फक्त नीक आन पाहण्यासाठी मांडलेला आहे. बाणांच्या मार्गाने हळू चाललं तर दीड तास लागतो. पाणी सोबत घ्या, सावली फक्त कोरीव भिंतींवरच्या छपरांखाली.

प्रवेशानंतरचं मोठं प्रांगण, मग माशांच्या आणि पक्ष्यांच्या रांगा कोरलेली वाट, मग मासेमारीच्या जाळ्यासारख्या चौकटींच्या भिंती. तळाच्या काही मीटरचं काम नवं आहे, डागडुजीचं. मूळ काम ओळखायचं असेल तर कडा बघा: जुन्या कडा झिजलेल्या, गोलसर असतात, नव्या धारदार. आतला खोदलेला मोठा तलाव अजून ओला आहे, काठावर वेत आणि लव्हाळं उगवतं. भूजलापर्यंत खणून पाणी मिळवण्याची ही रीत होती. समुद्र एवढा जवळ की हवेतला खारटपणा भिंतीत मुरतो, मीठ पृष्ठभागावर येऊन स्फटिक बनतं आणि मातीचा पापुद्रा सुटतो. म्हणून भिंतीला हात लावू नका. एका बोटानेही भुकटी गळते.

दुपारी एकच्या सुमारास वांचाकोला पोचावं, कारण सेबिचे हे दुपारचं अन्न आहे. सकाळी आलेली मासळी लिंबाच्या रसात मुरवतात, संध्याकाळी ती ताजी उरत नाही. तिखट कमी हवं असेल तर ‘पोको आही’ म्हणावं. पोट अजून बाहेरच्या अन्नाला सरावलेलं नसेल तर तळलेला मासा बरा.

किनाऱ्यावर तोतोरा गवताच्या होड्या उभ्या वाळत घातलेल्या दिसतात. या काबाय्यीतोंना दोन मोठे आणि दोन लहान असे भारे एकत्र आवळून बांधतात. टोक वर वळवलेलं, मागे मासळी आणि जाळं ठेवायला खळगा, वल्हं म्हणजे उभा चिरलेला बांबू. गवत पाणी पितं, म्हणून प्रत्येक खेपेनंतर होडी उभी करून निथळावी लागते, तरीही ती काही आठवड्यांत जड होऊन निकामी होते आणि कोळी नवी बांधतो. गावाच्या उत्तर टोकाला, वाळूतल्या ओल्या खड्ड्यांत ते हे गवत स्वतः लावतात. तिथपर्यंत आवर्जून चालत जावं. पाणी बाराही महिने गार असतं, कारण हंबोल्ट प्रवाह दक्षिणेकडून थंड पाणी आणतो. अंधार पडायच्या आत शहराकडे परतावं.

चौथा दिवस, गुरुवार: एल ब्रूहो

एल ब्रूहो हे मोचे अवशेषांचं ठिकाण शहराच्या वायव्येला सुमारे ६० किलोमीटरवर, मागदालेना दे काओ गावाजवळ आहे. आधी बसने चोकोपे, तिथून सामायिक गाडीने मागदालेना, मग शेवटचे पाच-सहा किलोमीटर तीनचाकी. तीनचाकीवाल्याशी परतीचंही ठरवून ठेवावं, अवशेषांपाशी वाहन उभं नसतं. जाऊन-येऊन पूर्ण दिवस जातो. तिघे-चौघे असाल तर शहरातूनच टॅक्सी करणं परवडतं.

इथे २००६ मध्ये एका तरुण मोचे स्त्रीची ममी उजेडात आली. दंडावर आणि हातांवर साप-कोळ्यांचं गोंदण, सोबत मुकुट, नथी, आणि युद्धातल्या गदा. त्या वेळेपर्यंत मोचे सत्ता पुरुषांचीच मानली जात होती. २००९ मध्ये उघडलेल्या संग्रहालयात ती थेट दाखवत नाहीत, आरशातून दिसते. अवशेषांवर वारा जोराचा, टोपीला बंद असलेला बरा.

पाचवा दिवस, शुक्रवार: वाडे आणि परतीची गाडी

खोली अकरा-बाराला सोडायची, सामान दर्शनी भागात ‘गुआर्दार एकिपाखे’ म्हणून ठेवून घेतात. चिठ्ठी मागावी. वाडे शुक्रवारसाठी राखले, कारण त्यातले काही बँकांच्या ताब्यात आहेत आणि कामाच्या दिवशीच उघडतात. कासा उर्कियागा मध्यवर्ती बँकेकडे आहे. दारात ओळखपत्र दाखवलं की प्रवेश मोफत. दक्षिण अमेरिकेचा मुक्तिदाता सिमोन बोलिव्हार याचं लिहायचं मेज आत जपलं आहे. त्याने १८२४ मध्ये त्रुहियोचं विद्यापीठ स्थापन केलं. थोडं पुढे कासा दे ला एमान्सिपासियोन, म्हणजे मुक्तीचा वाडा. त्रुहियोने २९ डिसेंबर १८२० ला स्वातंत्र्य जाहीर केलं, लिमाच्या सात महिने आधी.

हिरोन पिसारो हा रस्ता प्लासा दे आर्मासपासून प्लासुएला एल रेक्रेओपर्यंत पादचाऱ्यांचा आहे. चालताना खिडक्यांकडे बघा. लोखंडी गज भिंतीबाहेर पुढे आलेल्या पिंजऱ्यासारखे, बहुधा पांढरे रंगवलेले, वर नक्षीचा मुकुट. उन्हं असली तर दहाच्या सुमारास त्यांची सावली निळ्या-पिवळ्या भिंतींवर पडते. चौकातलं पिवळं कॅथेड्रल १६१९ च्या भूकंपानंतरचं, सतराव्या शतकाच्या मध्यातलं आहे. मधलं स्वातंत्र्यस्मारक एडमुंड म्योलर या जर्मन शिल्पकाराचं, १९२९ मध्ये उभं राहिलेलं.

संध्याकाळी हातगाड्यांवर एमोलियेंते मिळतं: जव, जवस आणि औषधी पाल्यांचं गरम, बुळबुळीत पेय, लिंबू पिळून. एक-दोन सोल. रात्रीच्या गाडीसाठी सुटण्याच्या तासभर आधी थांब्यावर पोचावं, कारण सामान वजन करून घेतात आणि शुक्रवारी लिमाकडे गर्दी असते. तिकीट पहिल्या दिवशी उतरताच काढून ठेवलेलं बरं.